हँडल फिरवून चालणारा रेडिओ: जॉपलिनची आठवण आणि परळमधला एक पावसाळा

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून मी एक आपत्कालीन रेडिओ विकत घेतला. त्याच्या उजव्या अंगाला घडी होणारे हँडल आहे, माथ्यावर बिस्किटाएवढी सौरपट्टी आहे, पुढे विजेरी आहे आणि मागे तीन बारीक सेल घालण्यासाठी खोबण आहे. किंमत २,४०० रुपये सांगितली होती, तो १,९५० रुपयांना मिळाला. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच गल्लीत हाच साचा चार वेगवेगळ्या नावांनी विकला जात होता आणि आतले यंत्रही बहुधा एकच असावे. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचे नसून या जातीच्या रेडिओचे आहे, असे समजून वाचावे. जून ते सप्टेंबर असा एक पूर्ण पावसाळा तो आमच्या परळच्या सहाव्या मजल्यावरील घरात वापरून पाहिला आणि त्यानंतरच लिहायला बसले आहे.

सत्तरीकडे झुकलेल्या बाईला मोबाइलच्या जमान्यात असला रेडिओ कशाला हवा, हे दुकानदाराने विचारले, मुलाने विचारले आणि यजमानांनी तर दोनदा विचारले. त्याचे उत्तर द्यायचे तर २२ मे २०११ च्या रविवारी जावे लागते. त्या दिवशी आम्ही दोघे अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॉपलिन या गावी मुलीकडे होतो आणि संध्याकाळी तिथे टोर्नॅडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारे भोवऱ्यासारखे वादळ, आला. गाव म्हणते, पण ते चांगले पन्नास हजार वस्तीचे शहर आहे. दुपारी तिथल्या शाळेच्या मुलांचा पदवीदान समारंभ विद्यापीठाच्या सभागृहात झाला होता, शेजारचा मुलगा त्यात होता आणि आम्ही संध्याकाळी त्याच्याकडे पेढे म्हणून नारळाच्या वड्या घेऊन जाणार होतो.

संध्याकाळी ५ वाजून ११ मिनिटांनी शहराचे भोंगे वाजले. मी लालबागला वाढले, वडील गिरणीत होते. भोंगा म्हणजे पाळी बदलली, डबा तयार ठेवायचा, एवढाच अर्थ माझ्या अंगात मुरलेला होता, त्यामुळे माझी नजर सवयीने घड्याळाकडे गेली. गंमत अशी की तिथल्या लोकांनीही फार वेगळे काही केले नाही. वादळांच्या दिवसांत भोंगे वारंवार वाजत आणि बहुतेक वेळा काहीच होत नसे, म्हणून भोंगा ऐकून लोक दारात येऊन आकाशाकडे बघत. आमचे जावईही ओसरीवर जाऊन उभे राहिले. दिसण्यासारखे काही नव्हतेच. ते वादळ पावसाच्या पडद्याआड होते आणि चित्रात असते तशी आभाळातून लोंबणारी सोंड शहरातल्या फार थोड्या लोकांना नीट दिसली.

मुलीच्या ओट्यावर एक रेडिओ होता. तो गाणी लावण्याचा नव्हता. एरवी तो गप्प असे आणि हवामान खात्याचा इशारा निघाला की आपोआप जागा होऊन कर्कश सूर काढी, मग यंत्राच्या आवाजात एक माणूस, किंवा माणसासारखे काहीतरी, परगण्यांची नावे, दिशा आणि वेळ सांगत असे. त्या संध्याकाळी वादळ येण्याआधी तो दोनदा बोलला. पहिला इशारा ५ वाजून ९ मिनिटांचा, शहराच्या उत्तरेकडच्या भागापुरता होता आणि भोंगे त्यावरूनच वाजले होते. दुसरा ५ वाजून १७ मिनिटांचा, आणि त्यात जॉपलिनचे नाव स्पष्ट होते. भोंग्याला हा फरक सांगता येत नव्हता, ओट्यावरच्या डबीला येत होता. दुसरा इशारा ऐकल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आता बाहेर नाही, आत." तिथल्या बहुसंख्य घरांप्रमाणे त्या घरालाही तळघर नव्हते. घराच्या मध्यभागी असलेल्या, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात आम्ही चौघे गादी डोक्यावर घेऊन बसलो.

५ वाजून ३४ मिनिटांनी टोर्नॅडो शहराच्या पश्चिमेला जमिनीला टेकला. दिवे गेले, दूरचित्रवाणी गेली, मोबाइलला जोडणी मिळेना, पण तो रेडिओ त्याच्या सेलवर बोलत राहिला. ५ वाजून ३८ मिनिटांनी भोंगे दुसऱ्यांदा वाजले, तेव्हा वादळ शहराच्या तोंडाशी येऊन ठेपले होते. आमचे घर उत्तरेला, विद्यापीठाच्या बाजूला होते आणि वादळ शहराच्या दक्षिण-मध्य भागातून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले, म्हणून आम्ही वाचलो. यात आमची हुशारी काही नाही.

मुंबईच्या वाचकांना मोजमाप कळावे म्हणून सांगते. शहराच्या हद्दीतला त्या वादळाचा मार्ग सुमारे दहा किलोमीटरचा होता, म्हणजे चर्चगेटपासून दादरपर्यंत रेल्वेने जेवढे अंतर पडते तेवढा, आणि सर्वांत रुंद ठिकाणी त्याचा पट्टा दीड किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे दादर स्थानकापासून शिवाजी पार्कच्या समुद्रापर्यंत. वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरपेक्षा अधिक ठरवला गेला. 'ठरवला' असे म्हणण्याचे कारण, टोर्नॅडोची प्रत वादळानंतर पडझड पाहून लावतात आणि या वादळाला ईएफ-५ ही सर्वांत वरची प्रत मिळाली. थेट वादळामुळे १५८ माणसे गेली, हजाराहून अधिक जखमी झाली आणि साडेसात हजारांच्या आसपास राहती घरे कमीअधिक मोडली. १९४७ नंतर अमेरिकेत एका टोर्नॅडोने इतके बळी घेतले नव्हते. सेंट जॉन्स या मोठ्या रुग्णालयाची वीज गेली, पाठोपाठ जनित्रेही निकामी झाली, आणि ती नऊ मजली इमारत उभी दिसत असूनही इतकी खिळखिळी झाली की पुढच्या वर्षी पाडावी लागली. दुपारी ज्या शाळेच्या मुलांचा समारंभ झाला होता ती शाळाही उरली नाही. समारंभ शाळेत न होता विद्यापीठात झाला, ही त्या दिवसातली एक चांगली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गुलाबी कापसासारखे पुंजके पडलेले होते. मी हात लावायला गेले तर मुलीने ओढून मागे घेतले. तो कुणाच्या तरी घराच्या भिंतीत भरलेला काचेचा कापूस होता. त्याच ढिगात एका लहान मुलाच्या वाढदिवसाचा फोटोही होता. तो आम्ही वाळवून जमा केला. असे फोटो पुढे हजारोंनी गोळा करून, साफ करून लोकांना परत देण्याचे काम तिथे कितीतरी दिवस चालले.

माझ्या मनात मात्र सर्वांत खोल बसले ते रेडिओचे काम. वादळानंतर स्थानिक केंद्रांनी गाणी आणि जाहिराती थांबवल्या आणि दिवसरात्र फक्त लोकांचे दूरध्वनी घेतले. अमुक रस्त्यावरचा माझा भाऊ कुणी पाहिला का, तमुक चर्चमध्ये पाणी मिळते आहे, या चौकातून जाऊ नका, गॅस गळतो आहे. विद्यापीठातल्या निवारा केंद्रात मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तिथेही कोपऱ्यात एक रेडिओ सतत चालू असे आणि एखादे नाव पुकारले गेले की सगळे हात थांबत. इंग्रजी मला बेताचेच समजते, पण नावे समजत होती.

त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने केलेल्या पाहणीत आढळले की बहुतेक लोक पहिल्या भोंग्यावर आडोशाला गेले नाहीत, दुसरीकडून खातरजमा होईपर्यंत ते थांबले. ती पाहणी मी नंतर मुलीकडून समजून घेतली तेव्हा मला घड्याळाकडे बघणारी मी आठवले. इशाऱ्याच्या आवाजाइतकीच त्या आवाजाला दुजोरा देणाऱ्या, आपल्याला समजेल असे बोलणाऱ्या दुसऱ्या आवाजाची गरज असते, आणि तो दुसरा आवाज वीज गेल्यावरही चालू राहिला पाहिजे. मी दुकानात गेले ती ही वस्तू शोधत. परीक्षणाचा निकषही माझ्यापुरता हाच आहे.

आता कुणी म्हणेल, मुंबईत टोर्नॅडो कुठे येतो? मराठीत तर त्याला रुळलेला शब्दही नाही. 'घूर्णवात' पाठ्यपुस्तकात राहिला, वावटळ म्हणावे तर ती अंगणातली पाने फिरवणारी, आणि वर्तमानपत्रे सरळ 'चक्रीवादळ' लिहून मोकळी होतात. वास्तविक दोन्हींत फार अंतर आहे. चक्रीवादळ समुद्रावर दिवसेंदिवस वाढते, शेकडो किलोमीटर पसरते आणि येण्याआधी त्याचे नावही कळते. टोर्नॅडो एका मेघगर्जनेच्या ढगातून उतरतो आणि मिनिटांत आटपतो. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेले तेव्हा आपल्याला दिवस मिळाले होते. कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला, सांताक्रूझला चोवीस तासांत २३०.३ मिलिमीटर पाऊस झाला, आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे पत्रे समोरच्या आवारात जाऊन पडले, पण कुणी बेसावध नव्हते. याउलट १३ मे २०२४ चे धुळीचे वादळ आठवावे. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य फलक कोसळला आणि १७ माणसे गेली. ते वादळ टोर्नॅडो नव्हते, हे मला माहीत आहे, आणि फलक पडण्याची कारणे वाऱ्यापेक्षा वेगळीही होती. परंतु दिवसांऐवजी मिनिटे हाताशी असली की काय होते, ते त्या दुपारी या शहरानेही पाहिले. ती बातमी बघताना मी न्हाणीघरातली गादी आठवत होते. रेडिओ त्यानंतरच्या खरेदीतला आहे.

दुकानाबद्दल आधी थोडे. दुकान अरुंद, माल छतापर्यंत आणि मालक बोलका. त्याने खोक्यातून रेडिओ काढून हँडल फिरवून दाखवले, विजेरी लावून दाखवली, एफएमवर गाणे लावून दाखवले. पुढच्या पट्टीवर एएम, एफएम आणि डब्ल्यूबी अशा तीन खुणा होत्या. तिसरी कसली, असे विचारल्यावर तो ठामपणे म्हणाला, "मावशी, डब्ल्यूबी म्हणजे वर्ल्ड बँड. लंडन-बिंडन सगळं लागेल." मी ती खूण जॉपलिनच्या ओट्यावर पाहिली होती. ती 'वेदर बँड'ची, म्हणजे हवामानाच्या प्रसारणाची. अमेरिकेत १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या दरम्यान सात ठरावीक लहरींवर हवामान खात्याचा आवाज चोवीस तास चालू असतो. आपल्याकडे त्या लहरींवर असे काही प्रसारण नाही. म्हणजे या रेडिओचा मूळ साचा अमेरिकेच्या बाजारासाठी केलेला, आणि आपल्याकडे तो तसाच्या तसा, निरुपयोगी खटक्यासह आला. दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण त्या खुणेकडे बोट दाखवून साडेचारशे रुपये कमी करून घेतले.

पक्के बिल मागितल्यावर थोडी कुरकुर झाली, तरी मिळाले. सहा महिन्यांची हमी त्यावर हाताने लिहून दिली आणि ती पुढे उपयोगी पडली.

रेडिओची पहिली परीक्षा हँडलची. खोक्यावर लिहिले आहे की एक मिनिट फिरवा आणि पंधरा मिनिटे ऐका. मी सेल काढून, आतली बॅटरी पूर्ण उतरवून, घड्याळ लावून पाहिले. मिनिटाला सुमारे १२० फेरे या गतीने पाच मिनिटे फिरवल्यावर मध्यम आवाजात २२ मिनिटे ऐकता आले. म्हणजे दाव्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. तरीही मी याला नापास करणार नाही, कारण पाच मिनिटांच्या श्रमात बातमीपत्र दोनदा ऐकून होते. खटकते ते वेगळेच. हँडल आखूड आहे आणि त्याची मूठ बोटाएवढीच, त्यामुळे संधिवाताच्या हाताला तिसऱ्या मिनिटालाच कळ लागते. यजमानांनी रेडिओ मांडीत घट्ट धरून डाव्या हाताने फिरवण्याची युक्ती काढली, ती बरी पडते.

मोबाइल चार्ज करण्याच्या सोयीची जाहिरात या सगळ्या रेडिओंवर ठळक असते, आणि त्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. आजच्या मोबाइलची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे साधारण १९ वॉट-तासांची असते. या हँडलमधून, माझ्या मापनावरून काढलेल्या अंदाजाने, दीड वॉटच्या आसपास वीज निघते. भागाकार केला तर मोबाइल पूर्ण भरायला बारा तासांहून अधिक फिरवावे लागेल. प्रत्यक्षात दहा मिनिटांच्या फिरवण्याने माझ्या मोबाइलचा आकडा एकाने वाढला. एक संदेश पाठवण्यापुरती ही सोय आहे, बाकी ती खोक्यावरच शोभते. सौरपट्टीची गोष्ट त्याहून लहान आहे. जून ते सप्टेंबर या काळात परळच्या खिडकीत तिने जी वीज दिली असेल, ती मला कुठे दिसली नाही.

खरी शहाणपणाची वापरण्याची रीत अशी की आतली बॅटरी महिन्यातून एकदा भिंतीवरच्या प्लगने भरून ठेवावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर तो मध्यम आवाजात सुमारे १८ तास चालला. ती संपली तर तीन बारीक सेल, आणि तेही संपले तर हँडल. तीन वेगळ्या वाटांनी चालणे, हे या यंत्राचे सर्वांत मोठे बळ आहे. मात्र सेल आत घालून विसरू नये. जुलैच्या दमट हवेत माझा एक सेल पाझरला आणि खोबणीतल्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा थर आला. लिंबाचा रस लावलेल्या कापसाने तो निघाला. आता सेल वेगळ्या पिशवीत, रेडिओला दोऱ्याने बांधून ठेवते.

आवाजाच्या बाबतीत रेडिओने मला सुखद धक्का दिला. एफएमवर १०७.१ आणि १००.७ ही आकाशवाणीची दोन्ही केंद्रे दांडी न ओढताच लागतात. मध्यम लहरींवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, म्हणजे ५५८ किलोहर्ट्झ, सुरुवातीला नुसती खरखरत होती आणि मी यंत्राला दोष देत होते. दोष घराचा निघाला. सिमेंट-लोखंडाच्या भिंती, एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर आणि लिफ्टची मोटर हे सगळे मध्यम लहरींचे वैरी आहेत. रेडिओ खिडकीशी नेला, आडवा धरून हळूहळू फिरवला, कारण मध्यम लहरींचा अँटेना दांडीत नसून आतल्या काळ्या कांडीत असतो आणि तिला दिशा लागते, तेव्हा मराठी निवेदन स्वच्छ ऐकू आले. पुढची गंमत ऑगस्टमध्ये कळली. एका रात्री आमच्या गल्लीची वीज दोन तास गेली आणि तीच वाहिनी घराच्या मधोमध, जिथे कधी लागत नव्हती तिथे, काचेसारखी लागली. दिवे, चार्जर आणि लिफ्ट बंद पडल्याने खरखर करणारे कुणी उरलेच नव्हते. ज्या वेळेसाठी रेडिओ घेतला त्याच वेळी तो सर्वांत चांगला चालतो, अशी वस्तू विरळच.

हवामान खात्याचे तीन तासांपुरते जिल्हावार तात्कालिक इशारे आता मोबाइलवर येतात, विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप आहे, आणि २०२३ साली देशभर झालेल्या आपत्कालीन इशाऱ्यांच्या चाचण्यांमध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम कसे किंचाळले ते कुणी विसरले नसेल. ही यंत्रणा उत्तम आहे आणि पहिला इशारा तिच्याकडूनच यावा. हा रेडिओ ती जागा घेऊ शकत नाही, कारण तो जॉपलिनच्या ओट्यावरच्या रेडिओसारखा आपणहून जागा होत नाही. तो आपण लावावा लागतो. परंतु १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती तेव्हा दुपारपर्यंत आमच्या मजल्यावरचे मोबाइल एकेक करून मिटत गेले होते, आणि लोकल कधी सुरू होणार हे विचारायला आम्ही जिना उतरून वाण्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे जुना ट्रान्झिस्टर होता. दुसऱ्या आवाजाची जागा तीच.

विजेरी मध्यम आहे, जिना उतरायला पुरते. वाचायच्या दिव्याचा प्रकाश निळसर आणि डोळ्यांना टोचणारा. लाल बटण दाबल्यावर वाजणारा मदतीचा भोंगा आम्ही गच्चीवर एकदा वाजवून पाहिला. खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नच्या गदारोळात त्याची कुणी दखल घेतली नाही, फक्त राखणदार वर येऊन "गाडीचा अलार्म वाजतोय का?" असे विचारून गेला. भोंग्यांबद्दलचे माझे मत त्याने आणखी पक्के केले.

माहितीपत्रकाला मी सरळ शून्य देईन. चार भाषांत आहे, त्यांत मराठीही नाही आणि हिंदीही नाही. इंग्रजी आहे ते इतके अडखळते की मुलाने वाचून दाखवल्यावर आम्ही तिघेही हसलो. सेल कोणत्या दिशेने घालायचे, खटका कुठे ठेवला म्हणजे हँडलची वीज बॅटरीत जाते, बॅटरी भरली हे कसे ओळखायचे, या तीन गोष्टी मला स्वतः करून शोधाव्या लागल्या. मी त्या मराठीत एका कागदावर लिहून रेडिओच्या पाठीवर चिकटवल्या आहेत. आपत्तीच्या वेळी हातात घ्यायची वस्तू समजून घ्यायला दुपार घालवावी लागू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

ऑगस्टच्या शेवटी हँडल फिरवताना आतून खडखड येऊ लागली आणि वीज भरणे थांबले. हाताने लिहिलेले हमीचे बिल घेऊन दुकानात गेले. बोलक्या मालकाने आधी "जास्त जोरात फिरवलं असेल" असे म्हणून पाहिले, पण मग आतल्या कारागिराला हाक मारली. त्या मुलाने पाच स्क्रू काढून झाकण उघडले, डायनामोची सुटलेली तार डाग देऊन जोडली, दातेरी चाकाला ग्रीस लावले आणि वीस मिनिटांत रेडिओ परत दिला. पैसे घेतले नाहीत. उघडले तेव्हा मी आत डोकावून पाहिले. दातेरी चाके सगळी प्लास्टिकची आहेत, म्हणजे ती कधीतरी झिजणार; आतली बॅटरी मात्र बाजारात मिळणाऱ्या साध्या गोल जातीची आहे आणि बदलता येते. ही गोष्ट खोक्यावर लिहिली असती तर सौरपट्टीपेक्षा तिचीच मी अधिक किंमत केली असती.

सगळे धरून पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण पत्रकाने घालवला, अर्धा त्या खोट्या पंधरा मिनिटांनी आणि अर्धा डब्ल्यूबीच्या खटक्याने. या शेवटच्या अर्ध्या गुणाचे कारण सांगायचे राहिले. सप्टेंबरमध्ये परतीच्या पावसाच्या एका रात्री वीज गेली, यजमानांनी अंधारात चाचपडत रेडिओ लावला आणि आतून नुसती एकसारखी सरसर आली. केंद्रच बंद पडले की काय, म्हणून आम्ही दोघे दोन-तीन मिनिटे तशीच ती सरसर ऐकत बसलो. विजेरी लावल्यावर कळले की खटका एफएमच्या एक घर पुढे, डब्ल्यूबीवर गेला होता. दुसऱ्या दिवशी मी त्या खुणेवर जाड चिकटपट्टीचे तीन थर लावले, म्हणजे अंधारात बोट तिथपर्यंत सरकणार नाही. ज्यांनी हा रेडिओ घेतला आहे त्यांनीही घरी आणल्याबरोबर हे करून घ्यावे. साधी विजेची काळी पट्टी पुरते.